दावीद राजाचा रंग कोणता होता?

गेले काही महिने एकच वाद वेगवेगळी रूपं घेऊन माझ्या फोनवर येतोय. एका व्हिडिओत अमेरिकेतल्या चौकात उभा राहून एक तरुण ओरडून सांगतो की बायबलमधले खरे इस्रायली काळे होते आणि आजचे ज्यू तोतये आहेत. दुसऱ्यात एक गोरा धर्मोपदेशक नकाशावर बोट फिरवत सिद्ध करतो की इस्रायलचे हरवलेले दहा वंश म्हणजे इंग्रज आणि जर्मन. आणि तिसरा आपल्याच मराठी ग्रुपवरचा, की कोकणातले अमुक लोक मुळात ज्यू, त्यांचे घारे डोळे बघा.

मी अलिबागचा. इस्रायल आळीतून जात-येत, ‘इस्रायली लोकांची मशीद’ (म्हणजे बेने इस्रायल या कोकणातल्या मराठी ज्यूंचं प्रार्थनाघर, सिनेगॉग) हे शब्द ऐकत मोठा झालो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी लांबचा नाही, आणि त्यावर चाललेली ही बेदरकार बडबड मला सहन होत नाही. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

आधी पुरावा काय सांगतो ते बघू. ‘इस्रायल’ हे नाव पहिल्यांदा निःसंशय सापडतं ते मेर्नेप्ताह या इजिप्तच्या राजाच्या शिलालेखात, साधारण इ.स.पू. 1208 मध्ये. राजा म्हणतो, मी त्यांचा नायनाट केला. त्यांच्या रंगाबद्दल तो अक्षर लिहीत नाही. त्याच्याही आधीचं, साधारण इ.स.पू. 1890 चं, बेनी हसनच्या थडग्यातलं एक भित्तिचित्र दोन्ही बाजूंचे लोक सारखं दाखवत असतात. त्यात पूर्वेकडून, म्हणजे कनान आणि आसपासच्या भागातून आलेले ‘आमू’ लोक रंगीबेरंगी पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून गाढवांसह चाललेत. ते इस्रायली नव्हेत, इस्रायल तेव्हा नव्हतंच, पण शेजार तोच. कातडी फिकट पिवळसर, दाढ्या काळ्या. ‘बघा, गोरे!’ म्हणून लोक उड्या मारतात. अहो, पण इजिप्तचे चित्रकार स्वतःच्या पुरुषांना विटकरी रंगवत आणि स्वतःच्याच बायकांना पिवळसर. तो चित्रकलेचा ठरलेला रिवाज होता, त्याला फोटो समजून कसं चालेल?

लाखीशच्या शिल्पांचं तेच. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. 701 मध्ये इस्रायली लोकांच्या यहूदा या राज्यातलं लाखीश हे शहर जिंकलं आणि निनवेच्या राजवाड्यात त्याची अख्खी कथा दगडात कोरून घेतली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बायका-पोरं बैलगाडीवर बसलीयेत, पुरुष अनवाणी, सामानाची बोचकी खांद्यावर. हरलेल्या माणसांची इतकी जिवंत नोंद त्या काळातली दुसरी मी पाहिली नाही. आणि आपण त्यात काय शोधतो? केस! काही यहूदी पुरुषांचे केस बारीक कुरळे कोरलेत, म्हणून ते आफ्रिकन, असं एक बाजू म्हणते. अश्शूरच्या कारागिरांनी स्वतःच्या राजाची दाढीसुद्धा कुरळ्या बटांच्या रांगा लावून कोरली आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा पुरावा चित्रात नाहीच. तो आहे मिश्नात, ज्यूंच्या धर्मनियमांच्या इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथात. विषय आहे कोडाच्या डागांची तपासणी. कातडीवरचा पांढरा डाग किती पांढरा हे ठरवायचं तर मुळातली कातडी कशी हे बघावं लागणार. जर्मन माणसाच्या अंगावर डाग मंद दिसेल आणि कूशी, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या काळ्या माणसाच्या अंगावर लखलखीत. तेव्हा रब्बी (ज्यू धर्मगुरू) इश्माएल म्हणतो की इस्रायलची लेकरं (मी त्यांच्यासाठी प्रायश्चित्त होवो, असं आधी मायेने म्हणून) ना काळी ना गोरी, मधल्या रंगाची आहेत. उपमेला तो एका पिवळसर लाकडाच्या झाडाचं नाव घेतो. हा माणूस स्वतः त्या देशात राहणारा, दुसऱ्या शतकातला, आणि त्याला काही सिद्ध करायचं नाही. डागाचा निवाडा नीट व्हावा एवढंच त्याच्या मनात आहे. त्याच्या या एका ओळीवर मी आजच्या हजार व्हिडिओंपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

बायबलमध्ये रंगाचे उल्लेख आहेत, पण तुरळक. प्राचीन इस्रायलचा राजा दावीद तांबूस होता म्हणतात. गीतरत्नातली तरुणी सांगते मी काळी आहे, सुंदर आहे, आणि पुढच्याच ओळीत सांगते की भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावलं, उन्हाने मी करपले. यिर्मया संदेष्टा विचारतो की कूशी माणूस आपली कातडी पालटू शकेल का. म्हणजे ऐकणाऱ्यांना कूशी माणूस आपल्याहून वेगळा दिसत होता. पण तोच यिर्मया चिखलाच्या टाक्यात मरायला टाकला गेला, तेव्हा त्याला दोर टाकून वर काढणारा एबद-मेलेख कूशीच होता. मोशेची बायको कूशी होती, तिच्यावरून त्याच्या बहिणीने, मिर्यामने कुरकुर केली आणि शिक्षा झाली ती मिर्यामला. त्या ग्रंथाला रंग दिसतो, पण रंगावरून कोण आपलं कोण परकं हे तो ठरवत नाही.

शुद्ध रक्ताचं तर नावच नको. इजिप्तमधून बाहेर पडताना त्यांच्याबरोबर मोठा मिश्र समुदाय निघाला असं बायबलचं ‘निर्गम’ हे पुस्तक सांगतं. दावीदाची पणजी रूथ ही मवाबी, म्हणजे शेजारच्या परक्या लोकांतली. पहिलं पीक अर्पण करताना शेतकऱ्याने म्हणायचं की माझा बाप भटका अरामी होता. आणि यहेज्केल संदेष्टा यरुशलेमला तोंडावर सुनावतो, तुझा बाप अमोरी आणि तुझी आई हित्ती. इतक्या स्पष्टपणे स्वतःची सरमिसळ लिहून ठेवणारे लोक जगात फार नाहीत.

अलीकडे प्राचीन हाडांतला डीएनए वाचता येऊ लागला. 2020 साली मेगिद्दो, हाझोर वगैरे ठिकाणच्या 73 माणसांच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, मुख्यतः कांस्ययुगातल्या. तिथल्या स्थानिक नवाश्मयुगीन लोकांत झाग्रोस पर्वत आणि कॉकेशसच्या बाजूने आलेले लोक मिसळत गेले, आणि त्यातून कनानी लोक घडले. त्या मातीतूनच पुढे इस्रायली, यहूदी, फिनिशियन, मवाबी निघाले. आजच्या लेबनॉन, पॅलेस्टाईन, जॉर्डनमधल्या अरबीभाषक लोकांत आणि बऱ्याच ज्यू समाजांत त्या जुन्या वंशाचा मोठा वाटा दिसतो. म्हणजे आज ज्या दोन बाजू एकमेकांना ‘तू इथला नाहीस’ म्हणतात, त्या दोन्हींच्या अंगात तीच जुनी माणसं आहेत. युरोपातले ज्यू खझार नावाच्या तुर्की लोकांतून निघाले, ही आवडती गोष्टसुद्धा या अभ्यासांपुढे टिकत नाही.

दिसायला ते आजच्या सीरिया-लेबनॉनमधल्या शेतकऱ्यासारखे असणार, कोणी गव्हाळ, कोणी सावळा, कोणी उजळ. ‘काळा’ आणि ‘गोरा’ या ज्या पेट्यांत त्यांना कोंबायचं चाललंय, त्या पेट्या अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापारात आणि नंतर युरोपियन साम्राज्यांच्या काळात तयार झाल्या. दावीदाच्या दरबारात त्या नव्हत्याच.

मग हा प्रश्न आला कुठून? तो विचारणाऱ्यांच्या गरजेतून आला. 1840 मध्ये जॉन विल्सन नावाच्या गृहस्थाने इंग्रज हे इस्रायलचे वंशज असल्याचं पुस्तक काढलं. (आपल्या मुंबईचे, विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन वेगळे. पण गंमत अशी की त्यांनाही त्याच काळात आपले बेने इस्रायल म्हणजे हरवलेल्या दहा वंशांचे लोक वाटत होते.) अर्धं जग ताब्यात घेतलेल्या देशाला आपलं राज्य देवाने दिलंय हे ऐकायला हवंच होतं. या पंथाच्या लोकांनी 1899 ते 1902 या काळात आयर्लंडमधली तारा टेकडी खणून काढली, तिथे बायबलमधला कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) पुरलाय म्हणून! तिथल्या लेखकांनी, कवी येट्ससह, जाहीर निषेध केला तेव्हा थांबले. कोश मिळाला नाही, आयर्लंडच्या प्राचीन राजधानीची नासधूस तेवढी झाली. हीच कल्पना पुढे अमेरिकेत जाऊन विषारी झाली. गोरे तेवढे इस्रायली, ज्यू सैतानाची अवलाद आणि बाकीचे माणूसच नव्हेत, असं शिकवणारे पंथ तिथे विसाव्या शतकात उभे राहिले आणि त्यांनी बंदुकाही उचलल्या.

काळ्या अमेरिकनांच्या दाव्याबद्दल मात्र मी त्याच सुरात बोलू शकत नाही. ज्यांना साखळदंडात आणलं, ज्यांची नावं, भाषा, देव सगळं पुसून टाकलं, त्यांना मालकाच्या बायबलात स्वतःची गोष्ट सापडली, ती इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटणाऱ्या इस्रायलची. शेकडो माणसांना सुटकेची वाट दाखवणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक ‘मोझेस’, म्हणजे मोशे म्हणत. आणि मालक त्याच बायबलातून नोहाचा मुलगा हाम याला मिळालेल्या शापाचा आधार घेऊन गुलामगिरी देवाची इच्छा म्हणून सांगत होते. खरं तर बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात नोहा शाप देतो तो हामच्या मुलाला, कनानला, आणि तिथे रंगाचा उल्लेखही नाही. अशा जगात फ्रँक चेरीने 1886 मध्ये टेनेसीत आणि विल्यम क्राउडीने 1896 मध्ये कॅन्ससमध्ये ‘आपणच इस्रायल’ असं सांगणाऱ्या मंडळ्या सुरू केल्या. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात एक शाप आहे की देव तुम्हाला जहाजांतून परत इजिप्तला नेईल, आणि तिथे तुम्ही गुलाम म्हणून विकायला उभे राहाल. ज्याच्या आजीला जहाजातून आणून विकलं होतं, त्याने ही ओळ वाचली तर त्याच्या अंगावर काटा येणारच. मला ते पूर्ण समजतं.

पण समजणं म्हणजे मान्य करणं नव्हे. पश्चिम आफ्रिकेतून नेलेले ते लोक योरुबा, इग्बो, कोंगो आणि कितीतरी थोर समाजांतले होते. ते प्राचीन यहूदातून आल्याचा पुरावा नाही. आणि ‘आम्ही खरे’ याच्या पाठोपाठ ‘म्हणून ते खोटे’ आलं की तिथे द्वेष सुरू होतो. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत ज्यूंच्या कोशेर किराणा दुकानावर गोळीबार करून माणसं मारणाऱ्या जोडीचा याच विचाराकडे ओढा होता. त्या विचाराचे बहुसंख्य लोक हिंसक नाहीत, हे नक्की. तरी दुसऱ्याच्या आजोबांना खोटं ठरवल्याशिवाय स्वतःचे आजोबा खरे ठरत नसतील, तर त्या श्रद्धेत काहीतरी चुकलंय असं मी कोणाच्याही तोंडावर म्हणेन.

आता आपल्या कोकणाकडे येतो. माझा जीव खरा इथेच अडकलाय.

बेने इस्रायल सांगतात की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचले, सात पुरुष आणि सात बायका. पोथ्या बुडाल्या. शमा इस्रायलची प्रार्थना तेवढी राहिली, शनिवार पाळणं राहिलं, सुंता राहिली. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं गावांवरून पडली, केहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, नागावकर. घरात मराठी, नवसाला एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा मलिदा. सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि मशीद बंदरचं नाव त्याच मशिदीवरून पडलं असं सांगतात. ज्या ई. मोझेस रोडवरून आपण वरळीला जातो ते डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर होते.

या समाजातसुद्धा ‘गोरे’ आणि ‘काळे’ होते. बाहेरच्या बाईशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांच्या वंशाला काळे म्हणायचं. त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नाही. आणि हे बघा, काळ्यांतला माणूस गोऱ्यांतल्या माणसाहून उजळ असला तरी तो काळाच! कातडी दिसत होती, पण बघत होते ते वंश. जातीपाती मानणाऱ्या आपल्या गावांत राहून त्यांनीही आपलाच रोग घेतला, हे म्हणायला मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे. कोचीनमध्ये तर याहून जुनी गोष्ट. तिथल्या प्रतिष्ठित घरांनी बाकीच्या ज्यूंशी सोयरीक करायला नकार दिला, तेव्हा सोळाव्या शतकात प्रश्न थेट कैरोला गेला. तिथल्या डेव्हिड इब्न झिम्रा या मोठ्या रब्बीने निकाल दिला की विधिवत स्नान झालं की ते पूर्ण ज्यू आहेत. निकाल आला, पण पाळला कोणी? चारशे वर्षांनंतरही कोचीनच्या ‘परदेशी’ नावाच्या सिनेगॉगमध्ये एका गटाला मागे, खाली बसावं लागत होतं. त्यांच्यातलेच ए. बी. सालेम वकील झाले, गांधीजींचा मार्ग घेऊन त्यांनी सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला, आणि मग कुठे बाकं मिळाली.

आणि मग इस्रायल राष्ट्र झालं. कोकणातली माणसं दोन हजार वर्षांची प्रार्थना खरी झाली म्हणून गेली. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्रायलांपैकी कोणी इतर ज्यूंशी लग्न करायचं म्हटलं तर आधी त्याची आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. कागदावर कारण रंगाचं नव्हतं. घटस्फोट आणि विधवाविवाहाचे ज्यू कायदे कोकणात पाळले गेले का, अशी शंका होती. पण पोलंडहून आलेल्या माणसाच्या पणजीची चौकशी कोणी करत नव्हतं. शंका आली ती मराठी बोलणाऱ्या सावळ्या माणसांची. लोक 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेला, क्नेसेटला म्हणावं लागलं की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांना समान हक्क आहेत. रब्बींच्या फर्मानातून त्यांचं नाव निघालं. ज्या माणसाने शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवला, त्याला संसदेचा ठराव लागावा, याचा मला आजही संताप येतो.

2016 मध्ये त्यांचाही डीएनए अभ्यास आला. मध्यपूर्वेतला ज्यू वारसा स्पष्ट आहे आणि भारतीय वारसाही भरपूर आहे. अलिबागच्या कुठल्याही म्हाताऱ्याने हेच सांगितलं असतं.

म्हणून त्या तिसऱ्या फॉरवर्डबद्दल. चित्पावनांच्या दंतकथेत परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं जिवंत केली, बेने इस्रायलांच्या कथेत चौदा जण वाचले, म्हणजे दोघं एकच, असा तर्क एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. एकाच किनाऱ्यावर गलबतं फुटतात, आणि कथा एका गावातून दुसऱ्या गावात जातात. त्यापलीकडे याला आधार नाही. मला खुपतं ते वेगळंच. या गोष्टीत घाऱ्या डोळ्यांना दावीदाचं नातं मिळतं, आणि जो शेजारी तेली खरोखर ते नातं सांगत होता त्याला आपण ओसरीच्या खाली बसवत होतो. इंग्रज अधिकारी रिस्लीसाहेबाने नाकं मोजून आपल्या जातींचे वंश पाडले तेव्हाही आपल्यातले कितीतरी जण खूष झाले होते. 1936 मध्ये बाबासाहेबांनी विचारलं होतं की पंजाबच्या ब्राह्मणात आणि पंजाबच्या चांभारात वंशाचा फरक तो कोणता? या प्रश्नाला उत्तर नव्हतं आणि नाही. नाकाने ठरलं नाही ते डोळ्यांच्या रंगाने ठरणार आहे का?

शेवटी दिमोना. नेगेव्ह वाळवंटातलं हे गाव 1955 मध्ये वसलं. आपले बेने इस्रायल तिथे मोठ्या संख्येने आहेत, इतके की त्या गावाला छोटा भारत म्हणतात. आणि त्याच गावात 1969 पासून शिकागोहून लायबेरियामार्गे आलेले काळे हिब्रू राहतात, त्यांचा नेता बेन अम्मी याच्या मागे आलेले. सरकारने त्यांना कधी ज्यू मानलं नाही. 2003 मध्ये त्यांच्यातल्या बहुतेकांना कायमचं वास्तव्य मिळालं, त्यांची मुलं सैन्यात गेली. तरी 2021 मध्ये शंभराहून अधिक जणांना देश सोडायच्या नोटिसा आल्या, त्यात तिथेच जन्मलेलेही होते.

त्यांचा इतिहासाचा दावा मला पटत नाही, तो मी वर लिहिलाच आहे. पण जो मुलगा दिमोनात जन्मला, हिब्रूत शिकला, ज्याला दुसरं गावच माहीत नाही, त्याला तिथे राहू द्यायलाच हवं. त्यासाठी त्याचे पूर्वज यहूदातले होते की नायजेरियातले हे कोणी तपासायची गरज नाही. 1964 मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर बसलेल्या आपल्या माणसांची मुलं-नातवंडं आज त्याच गावात आहेत. त्यांनी या शेजाऱ्यांच्या बाजूने उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, आणि माझे जे मित्र तिकडे आहेत त्यांना मी हे आजच कळवणार आहे.